उठण्याचा मान

मी तारकर्लीत पर्यटकांना खोल्या भाड्याने देणाऱ्या जानकीवहिनींच्या फ्रिजवर बसलेला सर्व्हर बोलतोय. सर्व्हरला म्हणे एसीची खोली लागते. माझ्या शेजारी कोकमची बरणी आहे.

अंगात लिनक्स नावाची कार्यप्रणाली. वीज आली की गुमान उठायचं आणि सांगून ठेवलेल्या क्रमाने पोटातल्या प्रोग्रामांना उठवायचं, एवढंच माझं काम. त्यातला डेटाबेस कुठल्या खोलीत कोण उतरलंय ते लक्षात ठेवतो. बुकिंग नावाचा दुसरा प्रोग्राम त्याला विचारून पाहुण्यांना खोली देतो.

हा क्रम बसवायला वहिनींचा पुतण्या विनीत कुडाळहून आला, तेव्हा वहिनींचे सासरे भाई मागे येऊन उभे राहिले. भाई गावचे मानकरी. शिमग्याचा पहिला नारळ त्यांच्या हाती दिल्याशिवाय ढोल वाजत नाही.

"घर कोणामुळे चालता? बुकिंगमुळे. मगे मान तेचो. तेकाच पयलो उठव!"

मोठ्यांपुढे विनीत काय बोलणार? त्याने तसंच लिहिलं.

मे महिन्यात वीज गेली, आली. बुकिंगसाहेब थाटात उठले, डेटाबेसला हाक मारली. तो अजून झोपेत. उत्तर नाही म्हणजे पाहुणेच नाहीत, असं समजून साहेबांनी भरलेली खोली दुसऱ्या कुटुंबाला देऊन टाकली! वहिनींनी त्या कुटुंबाला आपली खोली दिली आणि स्वतः स्वयंपाकघरात झोपल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

भाई कडाडले, "परत असा झाला, तर खोल्यांका कुलूप!"

वहिनींना रडू फुटलं. मुंबईची नोकरी सोडून त्यांनी या खोल्या उभ्या केल्या होत्या. मला फार वाईट वाटलं, पण मी पडलो सांगकाम्या.

पुन्हा बोलावलेल्या विनीतने खालमानेने खरं कारण सांगितलं: डेटाबेस बुकिंगच्या आधी उठायला हवा. वहिनी डोळे पुसून म्हणाल्या, "भाईनू, जावय इलो तर पयलो पाट तेकाच. पण चूल तेच्या आदी पेटता मा?"

भाईंनी सुपारी कातरून तोंडात टाकली. मग विनीतला म्हणाले, "पेटव रे चूल."

विनीतने नवा नियम लिहिला. डेटाबेस नुसता उठून भागणार नाही. तो तयार झाला की मगच बुकिंगने उठायचं.

काल पाहुणे दारात आणि वीज गेली. आली तेव्हा वहिनी माझ्याकडे बघत होत्या. पाहुणे आत शिरू लागले, तर मानकरी स्वतः उंबऱ्यावर वाट अडवून उभे. "जरा थांबा. आतला अजून तयार झाला नाही."

पाहुणे थांबले. खोली त्यांचीच त्यांना मिळाली. तुम्हीही, बाबांनो, वीज आल्या आल्या बटणं बडवू नका. आमच्याकडे भाईसुद्धा थांबतात.