पुसून दे

वारलेल्या माणसाच्या वस्तूंना मुंबईत जागा नसते, आणि त्या टाकायला कुणाचा हात धजत नाही. म्हणून त्या पलंगाखाली जातात. सुहासचा कॉम्प्युटरही घाटकोपरच्या त्या दोन खोल्यांच्या घरात तसाच पलंगाखाली गेला होता, जुन्या चादरीत गुंडाळून. त्याला जाऊन दोन वर्षं होत आली होती. केर काढताना झाडू त्या चादरीला लागला की त्याची बायको रुचिरा हात मागे घ्यायची, आणि तिथली धूळ तिथेच राहायची.

मग त्यांच्या सोसायटीत लागोपाठ दोन बाइक चोरीला गेल्या. गेटवर कॅमेरे होते, पण त्यांचं चित्र साठवणाऱ्या डब्यातली हार्ड डिस्क केव्हाच मेली होती. म्हणजे कॅमेरे नुसतेच टकमक बघत होते. सेक्रेटरी नानांनी कॅमेरेवाल्या सुबोधला बोलावलं आणि स्वभावाप्रमाणे म्हणाले, "नवी कशाला? बिल्डिंगीत कुणाकडे तरी जुनी पडली असेल." सुबोधने पूर्वी सुहासचा कॉम्प्युटर दोनदा दुरुस्त केला होता. तो थेट रुचिराच्या दारात आला.

रुचिराला वाटलं, बरंच झालं. कुणाच्या उपयोगी पडेल, आणि पलंगाखालचं ते ओझंही उतरेल. पण लेकाची वस्तू आईला न सांगता कशी द्यायची? सासूबाई, मालन, तेव्हा जत्रेसाठी पाटणकडच्या गावी गेल्या होत्या. रुचिराने फोन लावला.

"दे की," मालन म्हणाल्या. "घरात ठिवून तरी काय करायचं." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण पुसून दे गं. तशीच नको दिऊस."

रुचिराला सासूचं कौतुकच वाटलं. सत्तरीची बाई, फोनवर आकडे लावायला दुसऱ्याला सांगते, पण एवढं तिला कळतं! ऑफिसात हेच शिकवायला माणूस बोलवावा लागला होता, की जुनी मशिनं पुसल्याशिवाय बाहेर देऊ नका.

सुबोधने डिस्क आपल्या लॅपटॉपला जोडली. "काही ठेवायचं नाही ना, वहिनी?"

"फोटो मी आधीच काढून घेतलेत."

पडद्यावर फोल्डरांची रांग होती. त्यात एकाचं नाव होतं 'दुपार'. ऑफिसचं काहीतरी असेल, असं म्हणून तिने नजर वळवली. तिला आत बघायचंच नव्हतं, खरं सांगायचं तर. सुबोधने बटण दाबलं. चहा निवायच्या आत सगळं पुसून झालं.

मालन परतल्या तेव्हा डिस्क कॅमेऱ्याच्या डब्यात बसून पंधरवडा उलटला होता. त्यांनी पाय धुतले, सुहासच्या फोटोला गावचा अंगारा लावला आणि पलंगाखाली वाकून बघितलं, तर चादर सुटलेली होती.

"दिलंस वाटतं. पुसलंस ना?"

"हो आई. सगळं पुसून मगच दिलं."

"मग? काय म्हनला?"

"कोण, सुबोध?"

"न्हाई गं," मालन म्हणाल्या. "बाळ."

रुचिराच्या हातातला पेला तसाच राहिला. बाळ म्हणजे सुहास. मालन त्याला आयुष्यभर बाळच म्हणत आल्या होत्या. त्यांना वाटलं सुनेला ऐकू आलं नाही, म्हणून त्या समजावून सांगायला लागल्या. "फोटूम्होरं वस्तू ठिवायची, फूल वाहायचं आन् पुसायचं, देऊ का रं बाबा? फूल पडलं तर द्यायची. त्येची कापडं गावाला न्हेली तवा आसंच पुसलं. एका शर्टाचं फूल काय पडंना. त्यो आजून माझ्या ट्रंकंत हाय."

मुलुंडमध्ये वाढलेल्या रुचिराच्या कानाला पुसणं म्हणजे ओटा पुसणं, डोळे पुसणं. 'मला कोण पुसतंय' असं तीसुद्धा शंभरदा म्हणाली असेल, पण पुसणं म्हणजे विचारणं, हे ऐन वेळी तिच्या डोक्यात आलंच नाही. तिने चाचरत सांगितलं काय केलं ते. म्हातारी भडकेल, बोल लावेल, असं तिला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. मालन नुसत्या पलंगाच्या कडेला बसल्या.

"शेवटाला त्यो घरीच आसायचा, तू हापिसात," त्या म्हणाल्या. "दुपारचं माझी गानी भरून घ्यायचा त्यात. जात्यावरची."

"गाणी तुम्हाला येतात ना, आई? आपण परत भरू. माझ्या फोनवर."

"माझी गानी मी कशाला ऐकू? मदी मदी त्यो बोलायचा. पुडं? मग पुडं, आये? तेवढंच ऐकायचं व्हतं मला."

"मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

"तू त्या चादरीकडं बघत बी न्हाईस, पोरी. तुला कशी सांगू? वाटलं, त्योच न्हाई म्हनंल."

रुचिराकडे सुहासचे ढिगाने फोटो होते, पण आवाज एकही नव्हता. त्याने बोलून पाठवलेले निरोप जुन्या फोनबरोबर गेले होते. तिने त्याचा आवाज आठवून बघितला. चेहरा आला, हसताना मान तिरपी करायची सवय आली, ओठ हलले. आवाज आला नाही.

तिने लगेच सुबोधला फोन लावला. तो मढ बेटावर होता, शूटिंगच्या एका बंगल्यात कॅमेरे बसवत. तो म्हणाला, "वहिनी, लगेच रडू नका. फॉरमॅट केलं म्हणजे दारावरच्या पाट्या काढल्या फक्त, माणसं आतच असतात. पण त्यांच्या जागेवर नवीन रेकॉर्डिंग येऊन बसलं की वाट लागते. कॅमेरे मोशनवर आहेत, कोणी हललं तरच रेकॉर्ड होतं. मी रविवारी येतो. तोवर तो डबा बंद ठेवायला सांगा ना नानांना."

नानांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "अहो, चोरांना काय सांगू? रविवारपर्यंत दम धरा म्हणून?" डब्याची किल्ली त्यांच्या खिशात होती, आणि ती तिथेच राहिली.

त्या दिवसापासून रुचिरा पुढच्या गेटने जाईना. कोणी हललं तरच रेकॉर्ड होतं. म्हणजे गेटमधून आत टाकलेलं प्रत्येक पाऊल सुहासच्या आवाजावर पडत होतं. ती मागच्या बाजूने, गटाराच्या कडेने, नाकाला ओढणी लावून ये-जा करायला लागली. एकदा खिडकीतून तिने बघितलं, एक मांजर गेटमधून संथपणे चालत आलं, मध्येच बसलं, अंग चाटत राहिलं. तिला ओरडून त्याला हाकलावंसं वाटलं, पण हाकललं तर ते पळणार, आणि पळालं तरी तेही उमटणारच. मालन तर पायरीवर जाऊन बसायच्या आणि क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना म्हणायच्या, "हलू नका रं, जरा गप उभी ऱ्हावा." मुलं हसायची. बिल्डिंगीत कुजबुज सुरू झाली की लेकामागे म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला. रुचिराने कुणालाच काही सांगितलं नाही. सांगून कुणाला पटलं असतं?

शुक्रवारी तिने सुट्टी घेतली. दुपारी मालन झोपल्या होत्या, घर शांत होतं. पलंगाखाली आता कॉम्प्युटरचा नुसता पोकळ डबा उरला होता. आणि त्या डब्यातून कुणीतरी हळूच म्हणालं, पुढं? ती गुडघ्यांवर वाकली, चादर बाजूला केली. आत वायरी होत्या आणि धूळ होती. आवाज सुहासचा होता की नव्हता, हेही तिला ठरवता येईना, कारण सुहासचा आवाज कसा होता हेच तिला सांगता येत नव्हतं.

रविवारी सकाळीच सुबोध आला. नानांच्या डब्यात त्याने दुसरी डिस्क घातली आणि ही घेऊन वर आला. लॅपटॉपवर शोध बराच वेळ चालला. फाइली सापडल्या, पण नावं गेलेली, नुसते आकडे. एकेक उघडायला लागला तर नुसती खरखर. कुठे मालनच्या गाण्याचा अर्धा शब्द. कुठे फरशीवर काहीतरी घासत फिरल्यासारखं.

"ती वाटी," मालन म्हणाल्या. "हात फिरल्याबिगर मला गानं सुचत न्हाई. जातं कुठलं हितं? वाटी पालथी घालून फिरवायची."

वाटीचा आवाज फिरत राहिला, तुटत राहिला. "एकच राहिलीय, वहिनी," सुबोध म्हणाला. "छोटी आहे."

ती उघडली. वाटी फिरत होती. मग थांबली. कुणीतरी श्वास घेतला, अगदी जवळून, आणि सुहास बोलला. हाच तो, हाच आवाज, हा मी कसा विसरले, असं रुचिराला झालं.

"आये, एक पुसू?"

आणि पुढे खरखर.

रुचिराने दोन्ही हात कानांवर दाबले. तिच्या कानात तो शब्द तिच्याच अर्थाने शिरला होता. दोन वर्षांपूर्वीच्या एका दुपारी तो परवानगी मागत होता, आणि तिने ती कुणालाही न विचारता देऊन टाकली होती.

मालननी मात्र पदर सावरला आणि त्या लॅपटॉपच्या जवळ सरकल्या. चेहऱ्यावर हसू आलं होतं.

"पूस की, बाळा," त्या म्हणाल्या.

खरखर चालूच होती. मग तीही थांबली. मालननी सुबोधकडे बघितलं.

"पुडं?" त्यांनी विचारलं. "मग पुडं?"