मंडळाचं मशीन आणि माझा होकार

या चातुर्मासात मी नेम धरला तो कोणालाही नकार न देण्याचा. कांदा-लसूण, वांगं, चहातली साखर, गादीवर झोपणं हे सगळं आधीच्या वर्षांत सोडून झालं होतं. देवाला आता नवीन काय द्यायचं हा प्रश्नच होता. तुळशीला पाणी घालताना सुचलं, आपण बोलतो हळू, पण दिवसभरात 'नाही' किती वेळा म्हणतो! तिथेच संकल्प केला. चातुर्मास संपेपर्यंत कोणी काही मागितलं, काही विचारलं, तर नकार द्यायचा नाही.

माझी सून रुचिता हे ऐकून चहाचा कप हातात धरून हसत सुटली. "आई, हा नेम महागात पडणार. निदान कोणाला सांगू तरी नका."

पण तोवर मी शेजारच्या हंसाबेनला सांगून बसले होते. आणि हंसाबेनला सांगणं म्हणजे आमच्या अख्ख्या केबिन रोडवर भोंगा लावून सांगणं. आठवडाभरात कोणी मिक्सर नेला, कोणी इस्त्री नेली, आणि तिसऱ्या मजल्यावरचे लोक गावी जाताना त्यांचा पोपट आमच्याकडे ठेवून गेले. पोपट दिवसभर हिंदीत शिव्या द्यायचा. मी त्याच्यासमोर स्तोत्र म्हणायचे. दोघांचंही आपापलं चालू होतं.

श्रावणातल्या एका गुरुवारी सकाळी लिफ्टपाशी सोसायटीचे चेअरमन हरिश्चंद्रभाऊ भेटले. इतके गोड हसले की मला तिथेच शंका आली.

"वैजयंताताई, संध्याकाळी पाचला मी तुमच्या भजनी मंडळात येतोय. एकच प्रश्न विचारायचाय. सगळ्यांसमोर."

"या ना," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

प्रश्न कोणता ते मला ठाऊक होतं. पार्किंगच्या मागची खोली सोसायटीने सभेत ठराव करून मंडळाला दिलेली. अध्यक्षेने स्वतः होकार दिल्याशिवाय ती परत घेता येत नाही, आणि अध्यक्षा मी. भाऊंना तिथे जिम काढायचं होतं. त्यांनी याआधी विचारलं तेव्हा तेव्हा मी हळू आवाजात पण स्वच्छ 'नाही' म्हटलं होतं. आता माझ्या तोंडाला कुलूप आहे हे त्यांना कळलं होतं.

"मी तर फक्त चंपाबेनला बोलली," हंसाबेन कपाळावर हात मारून म्हणाली. चंपावहिनी म्हणजे भाऊंची बायको, आमच्याच मंडळात टाळ वाजवते. "मने शुं खबर, ती घरी जाऊन सांगेल? बेन, तू मोड ना व्रत. आज एक दिवस. भगवान समजून घेईल."

"देव घेईल गं. पण उद्या भजन कोणत्या तोंडाने म्हणू?"

"तो पछी असं कर, आजारी पड."

"खोटंही बोलायचं नाहीये. तो नेम जुना आहे, कायमचा."

या बाईच्या शेजारी आपण फ्लॅट का घेतला, अशा नजरेने हंसाबेन माझ्याकडे बघत राहिली.

त्यात नेमकं त्याच दिवशी रुचिताने मंडळाचं मशीन हातात घेतलं होतं. आमच्याकडे तबला वाजवणारं कोणी नाही, तंबोराही नाही. दोन्ही एका जुन्या कॉम्प्युटरवर वाजतं. एक ऑफिस बंद होताना त्यांनी तो मंडळाला दिला होता. पण तो इतका हळू झाला होता की पहिल्या अभंगाला बटण दाबलं की तंबोरा आरतीला लागायचा. रुचिता घरूनच एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते. तिने मशीन वर आणून आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवलं.

"ह्याच्यावरचं सगळं पुसते आणि मिनिमल लिनक्स टाकते," ती म्हणाली. "म्हणजे नुसता पाया. मग लागेल तेवढंच एकेक पॅकेज, म्हणजे प्रोग्रॅम, बसवायचं. बाकी काही आत येऊच द्यायचं नाही."

मला ते फार आवडलं. सोवळ्यातल्या स्वयंपाकघरासारखं वाटलं.

तिने पेनड्राइव्ह लावला, डिस्कचं काम उरकलं, आणि तेवढ्यात तिच्या मीटिंगचा फोन आला. "आई, तुम्ही बसा इथे. मशीनने काही विचारलं तर वाचून उत्तर द्या. जे लागत नाही त्याला नाही म्हणा." आणि दार लावून आत गेली.

मी टेलिफोन खात्यात टायपिस्ट होते, त्यामुळे इंग्रजी अक्षरांची भीती नव्हती. भीती त्या शेवटच्या वाक्याची होती. पडद्यावर प्रश्न येऊ लागले. डेस्कटॉप हवा? हो. प्रिंटरची सोय हवी? मंडळाकडे प्रिंटर नाही, पण विचारलंय त्याने. हो. वेबसाइट चालवायचीय? हो. मग, आपण कोणती पॅकेजेस वापरता याची पाहणी चालू आहे, त्यात भाग घ्याल का? इतक्या अदबीने तर आमच्या जावईबापूंनीही कधी काही विचारलं नव्हतं. हो, हो.

बराच वेळ रेघ पुढे सरकत होती. मग थांबली, आणि लाल पट्टीत अक्षरं आली: डिस्कवर जागा नाही. मशीनला कुठलाच नेम नव्हता.

रुचिता बाहेर आली आणि पडद्याकडे बघून टेबलाला धरून उभी राहिली. "आई! भजनी मंडळाला वेब सर्व्हर कशाला?"

"विचारलं गं त्याने."

"अहो, तो सगळ्यांनाच विचारतो!" मग तिला माझा नेम आठवला आणि ती हसता हसता खुर्चीत बसली. पोपटाने मागून एक सणसणीत शिवी दिली. त्या वेळी ती मला योग्यच वाटली.

दुसऱ्या खेपेला प्रश्नांची उत्तरं तिने दिली. नाही, नाही, नाही. मी कानावर हात ठेवून देव्हाऱ्याकडे तोंड करून बसले. पाहते तर काळा पडदा, त्यावर एक पांढरी ओळ, आणि उघडझाप करणारी एक खूण. माऊस नाही, चित्र नाही, काही नाही. देव्हारा घासून पुसून ठेवला आणि देव अजून मांडायचे आहेत, असं ते दिसत होतं.

"आता तुम्ही टाइप करा," ती म्हणाली. गाणी वाजवणाऱ्या पॅकेजचं नाव तिने सांगितलं, मी टाइप केलं. लगेच पडद्यावर नावांची ही भलीमोठी रांग.

"मी एकच मागितलं होतं."

"एकटं कोणी येत नाही, आई. प्रत्येकाला दुसरं कोणीतरी लागतं, त्याला तिसरं. लग्नाच्या पत्रिकेवर सहकुटुंब सहपरिवार लिहितात ना? तसं. ह्यातले निम्मे घरचे, त्यांच्याशिवाय चालायचं नाही. बाकीचे नुसते सुचवलेले. सुचवलेले आणू नकोस, असं सांगायची सोय आहे." तिने ती सोय शिकवली. रांग एकदम आखूड झाली आणि तेवढीच पॅकेजेस बसली. हा तर निर्जळी उपास, मी म्हटलं.

त्यात एक विचित्र नाव दिसलं. "हे कशाला? काढू का?"

रुचिता गालात हसली. "काढून बघा."

मी काढायला सांगितलं. मशीन अडलं नाही. त्याने शांतपणे लिहिलं, हे निघेल. त्याच्याबरोबर हे निघेल, हे निघेल, आणि गाणी वाजवणारंही निघेल. पुढे जाऊ?

"बघा. काढायला तो नाही म्हणतच नाही," रुचिता म्हणाली. "काय काय जाईल ते सांगतो आणि तुमच्यावर सोडतो."

मी त्या पडद्याकडे बराच वेळ बघत बसले. दूध उतू गेलं तरी उठले नाही.

"आई? नकार द्यायचा नसेल तर कंट्रोल धरून सी दाबा. उठून निघून गेल्यासारखं."

मी दाबलं. मग रुचिताने परत घातलेल्या तंबोऱ्याच्या फाइलचं नाव टाइप केलं, आणि बोट उचलायच्या आत स्वयंपाकघरभर तंबोरा घुमला. पोपट पहिल्यांदाच गप्प झाला.

पाच वाजता खोली भरलेली होती. हंसाबेन तर देवाच्या फोटोसमोर डोळे मिटून काहीतरी कबूल करत होती. तंबोरा सुरू होता. भाऊ आले ते हातात टाइप केलेला कागद आणि खिशात पेन घेऊनच.

"वा, मशीन जोरात आहे," ते म्हणाले. "तर ताई, तुम्ही व्रतस्थ बाई. सगळ्यांसमोर विचारतो. ही खोली जिमसाठी द्याल ना?"

"हो," मी म्हटलं. "देते."

हंसाबेनच्या हातातला टाळ खाली पडला. भाऊंनी पेनचं टोपण काढलं.

"फक्त काय काय हलेल ते वाचून दाखवते, भाऊ. मग तुम्ही म्हणाल तसं. खोली गेली की मंडळ इथून निघतं. मंडळाला हॉल लागतो. एवढ्या बायका मावतील असा हॉल बिल्डिंगमध्ये एकच, तुमचा. दोन फ्लॅट जोडलेला."

"माझा?"

"मंडळाबरोबर हे कपाट येतं. पेटी येते. हंसाबेन येते, हंसाबेनबरोबर तिच्या सासूबाई येतात, आणि सासूबाईंना पंखा चालत नाही, तो बंद होतो. रोज पाच ते सात. एकादशीला उशिरापर्यंत."

"अहो, पाच ते सात मी टीव्ही बघतो!"

"टीव्हीचं आणि मंडळाचं पटत नाही. टीव्ही निघेल. पुढे जाऊ?"

मागून कोणीतरी पदर तोंडात कोंबला. भाऊंनी घाम पुसला. "मग असं करा ना, मंडळच काही दिवस बंद ठेवाल का?"

"हो, ठेवते की. मंडळ बंद झालं की गणपतीचे मोदक निघतात, सत्यनारायणाचा शिरा निघतो, आणि चंपावहिनी पाच ते सात घरी येतात."

"येते ना," चंपावहिनी दुसऱ्या रांगेतून म्हणाल्या. "नाहीतरी माझा रियाज मागे पडलाय. यांच्यासमोर बसून करीन."

चंपावहिनींचा आवाज आम्ही टाळांच्या आडोशाने ऐकतो. भाऊंना आडोसा नव्हता.

"पुढे जाऊ, भाऊ?" मी अगदी हळू विचारलं.

"नाही!" भाऊ ओरडले. "नाही, नाही, राहू द्या. खोली तुमचीच. मी काही विचारलंच नाही." त्यांनी कागदाची चौघडी केली, तिची पुन्हा घडी केली आणि खिशात कोंबली.

मी मनातल्या मनात हात जोडले. नेम शाबूत, खोली शाबूत. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. पण चंपावहिनी हसत नव्हत्या. त्या उठून पुढे आल्या. चेहरा एवढासा झालेला.

"मला वाटलं खरंच येताय सगळ्या," त्या म्हणाल्या. "एवढा मोठा हॉल आहे, पण चार माणसं कधी येऊन बसत नाहीत. वैजयंताताई, रोज नको. निदान गुरुवारचं भजन आमच्या घरी कराल का?"

भाऊ दारातच वळले.

"ताई," ते घाईघाईने म्हणाले, "ताई, नाही म्हणा. प्लीज. मी विचारतोय ना तुम्हाला, नाही म्हणाल ना?"

मी दोघांकडे पाहिलं. चंपावहिनींनी आधी विचारलं होतं.

"हो," मी वहिनींना म्हटलं.

"मग पुढच्या गुरुवारी, पाच वाजता," चंपावहिनी सगळ्यांकडे वळून म्हणाल्या. "आणि चहा हे करतील."