हिरवी चाहूल

मी चाहूल बोलतेय. नाव ऐकून दचकू नका. मी कुणाच्या पावलांचा आवाज नाही, फोनमध्ये राहणारं एक ॲप आहे. साथीच्या दिवसांत मला घरोघर बसवलं होतं. मला सांगायचं आहे ते आत्ताच सांगून घेते, कारण संघपालचा अंगठा माझ्या डोक्यावर येऊन थांबला आहे आणि तो कधी टेकेल याचा नेम नाही.

माझा जन्म याच शहरातला. तेव्हा शहराचं नावही वेगळं होतं. विशाखा नावाची एक मुलगी घरीच, स्वयंपाकघरातल्या ओट्याशेजारी लॅपटॉप ठेवून मला घडवत बसायची. तिच्या आईचा कुकर शिट्ट्या द्यायचा आणि तिकडे तिच्या कंपनीचे साहेब फोनवर विचारायचे, "झालं का? उद्या हवंय." कारखाने पुन्हा सुरू व्हायचे होते. सगळ्यांनाच घाई होती.

माझं काम सांगायला सोपं आहे. मी ज्या फोनमध्ये असेन तिथून सारखी साद घालायची, "कोण आहे जवळ?" जवळच्या फोनमधली माझी बहीण उत्तर द्यायची, "मी आहे." ते मी लक्षात ठेवायचं. पुढे त्यांतला कुणी आजारी निघाला की मी लाल व्हायचं आणि माझ्या माणसाला सांगायचं, बाबा रे, तू याच्याजवळ होतास, घरात बस. तसं काही नसेल तर मी हिरवी. जन्मापासून मला बसून राहणं ठाऊक नाही. सारखी साद, सारखा कान टवकारलेला. माझा स्वभावच घालमेलीचा झाला तो असा.

विशाखानं एकदा दोन फोन घेतले, एक ओट्यावर ठेवला आणि एक पलीकडच्या खोलीत. मी म्हणाले, "जवळ." मध्ये अख्खी भिंत होती. तिनं साहेबांना कळवलं, हिला भिंत कळत नाही. साहेब म्हणाले, "आधी सोडा तर, मग बघू." ते 'मग' काही आलं नाही.

मी वाळूजच्या एका कारखान्यात सक्तीची झाले आणि तिथल्या पत्रे दाबायच्या प्रेसशॉपमध्ये काम करणाऱ्या संघपालच्या फोनमध्ये उतरले. संघपाल राहायचा भावसिंगपुऱ्यात. घरी बायको करुणा आणि आई गीताबाई. गीताबाईंना काचबिंदू होता, शिवाय दमा. रोज संध्याकाळी त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालावे लागायचे आणि ते काम संघपालचं होतं. करुणानं घातलेले थेंब गालावर जातात, अशी म्हाताऱ्या बाईंची तक्रार. खरं तर दिवसभरात लेकाचा चेहरा तेवढा एकदाच जवळून दिसायचा. तो त्यांची मान मांडीवर घ्यायचा, वाकून पापणी उघडायचा, आणि दोघांचे श्वास एकमेकांत मिसळायचे. मी वरच्या खिशातून ते ऐकायचे आणि माझा जीव वरखाली व्हायचा. या घरात माझं काम काय, हे मला पहिल्याच संध्याकाळी समजलं. त्या श्वासातून आजार म्हातारीपर्यंत जाऊ द्यायचा नाही.

पण माणसं काम कशी करतात, हे मला घडवताना कुणी विचारलंच नव्हतं.

त्या कारखान्यात आत फोन न्यायला बंदी होती. मशीनवर लक्ष राहत नाही म्हणून. गेटवर लाकडी खणांचं एक मोठं कपाट होतं. कामगारानं पुंडलिक वॉचमनला माझा हिरवा रंग दाखवायचा, फोन आपल्या खणात ठेवायचा आणि आत जायचं. म्हणजे माणसं आत आणि आम्ही बाहेर. अख्खी पाळी आम्ही सगळ्या बहिणी त्या कपाटात एकमेकींना चिकटून, "जवळ आहे, जवळ आहे" असा गलका करत पडलेल्या. आमचे मालक मात्र शेडच्या कुठल्या कुठल्या टोकांना.

व्हायचं तेच झालं. स्टोअरमधला इंद्रजीत आजारी पडला. त्याच्या फोनचा खण आमच्या खणाला लागून होता. संघपालनं त्या माणसाचं तोंडही महिनाभर पाहिलेलं नव्हतं, पण मी लालभडक झाले.

पुंडलिकनं त्याला गेटवरूनच परत पाठवलं. संघपाल घराच्या पुढल्या पत्र्याच्या खोलीत एकटा राहिला. करुणा दारातून ताट सरकवायची. गीताबाई आतून ओरडायच्या, "संघ्या, हिनं आज बी औषध गालाला पाजलं बग." दिवस गेले, त्याला साधी शिंकसुद्धा आली नाही. बिनपगारी फुकट गेलेले दिवस, फुकटची भीती. कामावर परतला तेव्हा सगळे हसले.

"तुला इंद्रजीत नाय लागला, त्याचा फोन लागला," पुंडलिक म्हणाला. मग आवाज खाली आणून त्यानं शहाणपण शिकवलं, "खणात ठिवायच्या आधी ते ब्लूटूथ बंद करत जा. सगळे तसंच करतेत. हिरवं ऱ्हातंय मग."

माझी साद ब्लूटूथवरूनच जायची; एकदा बंद केलेलं तो पुन्हा चालू करेना, आणि तेव्हापासून मी बहिरी झाले. ना साद, ना उत्तर. आणि गंमत पाहा, काही ऐकू येईना म्हणून मी कायम हिरवी. मला काही ठाऊक नाही आणि सगळं ठीक आहे, या दोन्ही गोष्टींना विशाखानं एकच रंग दिला होता.

संघपालला हे सगळं माहीत होतं. तरीही घरी आला की दारातच फोन उघडून आईसमोर धरायचा. गीताबाईंना धूसर दिसायचं, पण तेवढा मोठा हिरवा चौकोन दिसायचा. "हिरवं हाय ना रं?" "हिरवं हाय, माय." मग मांडी, मान, थेंब. आधी ती थट्टा होती. रोज दाखवता दाखवता त्याचाही त्यावर विश्वास बसायला लागला. मला वाटायचं, ओरडून सांगावं की अरे, मी झोपलेय, मला विचारू नकोस. पण ओरडायची सोय माझ्यात नव्हती.

आता नवाबचं सांगते. नवाब पडेगावचा, संघपालच्याच मशीनवर त्याचा जोडीदार. एक पत्रा लावणार, दुसरा काढणार. त्याच्या घरात फोन एकच, आणि तो त्याची लेक लुबना हिच्याकडे, कारण तिची शाळा त्या फोनवर भरायची. नवाब गेटवर सांगायचा, फोन बिघडलाय, आणि पुंडलिक कपाळावर ताप मोजून त्याला आत सोडायचा. म्हणजे संघपालच्या सगळ्यात जवळ जो माणूस असायचा, त्याची मला कधी खबरच लागली नाही.

कँटीनमध्ये अंतर ठेवून गोल आखले होते. एकेकानं एकेका गोलात बसून भिंतीकडे तोंड करून जेवायचं. या दोघांना ते जमेना. ते आपले डबे घेऊन भंगाराच्या ढिगामागे जायचे. करुणाची भाकरी आणि वांगं, नवाबच्या घरचा दालचा. झाकण मध्ये ठेवून दोघांचे हात एकाच ठिकाणी. "एकट्यानं घास उतरत नाय ना," हे नवाबचं म्हणणं मी संघपालच्या तोंडून करुणाला सांगताना ऐकलं. त्याच वेळी त्यानं हेही सांगितलं की नवाबला जेवताना ठसका लागला, मिरची झोंबली म्हणे.

दुसऱ्या दिवशी नवाब कामावर आला नाही. उन्हाळा लागला होता आणि शहरात पुन्हा माणसं पटापट आजारी पडत होती. मी खणात पडले होते. भर दुपारी आमचा फोन थरथरायला लागला. नवाबचं नाव; लुबनाकडच्या घरच्या फोनवरून तो लावत होता. थांबला. पुन्हा थरथरला. लाकडावर फोन घसरत खणाच्या कडेपर्यंत आला. पुंडलिकनं तो आत ढकलला, उचलायची त्याला परवानगी नव्हती. मग फोन यायचे बंद झाले आणि नवाबच्या आवाजातला एक निरोप येऊन बसला. मी त्याच फोनमध्ये, त्याच्या शेजारीच, आणि हिरवीगार.

पाळी सुटली. जोडीदार नसल्यानं संघपालनं दोघांचं काम ओढलं होतं, वर उशीर झालेला. एका हातात डबा, दुसऱ्यात हेल्मेट. खणातून फोन काढला आणि न पाहता पँटच्या खिशात कोंबला. गाडी सुरू झाली. गोलवाडीचा पूल मागे पडला. घरी गीताबाई थेंबांची बाटली घेऊन उंबऱ्यात बसल्या असणार, हे मला दिसत होतं. मला एवढीशी हालचाल करता आली असती, एक चटका देता आला असता त्याच्या मांडीला, तर मी दिला असता. आयुष्यात इतकी तडफड मी कधी केली नाही.

नगर नाक्यावर बॅरिकेड होतं. एका हवालदारानं हात आडवा केला. "कुठून? कंपनीतून? ते ॲप दाखवा."

संघपालनं फोन बाहेर काढला. मला उघडलं. हवालदारानं हिरवा रंग पाहिला आणि "जा" म्हणाला. संघपाल फोन पुन्हा खिशात घालणार, तेवढ्यात त्याला वरच्या कडेला नवाबचं नाव दिसलं.

गाडी बाजूला घेऊन त्यानं निरोप कानाला लावला. नवाबचा आवाज बसलेला होता, मध्ये मध्ये दम घेत होता. "संघपाल, सीधा घर को मत जा रे. माझी तपासणी खराब आली. मोहल्ल्यात कुणाला सांगितलं नाय, पयलं तुला सांगतो. कल एकच झाकणात खाया ना आपन. माईच्या डोळ्यात दवा नको टाकू. भाभीला बोल, वो डाल देगी. गालावर गेली तर जाऊ दे."

त्या दिवसांत आजाऱ्याचं नाव कळलं की लोक आधी त्याचा मोहल्ला विचारायचे आणि मग नाही नाही ते बोलायचे. नोकरी जाईल ही धास्ती वेगळीच. तरी नवाबनं फोन केला होता. संघपालनं हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढवलं आणि गाडी सुरू केली.

घरी तो अंगणाच्या फाटकाबाहेरच थांबला. गीताबाई उठल्या. "ये की. येळ झाला."

"माय, तितंच थांब."

"का रं? हिरवं नाय का?"

त्यानं फोन वर धरला. मी हिरवीच होते. म्हाताऱ्या बाईंना फाटकापर्यंत तो रंग दिसला असावा, त्या पुढं यायला लागल्या.

"हिरवंच हाय की, लेकरा."

"खोटं हाय ते. नवाबचा फोन आलाय. करुणा, मायला आत घे." त्यानं फाटक बाहेरून ओढून धरलं. मला इतक्या सरळ शब्दांत खोटं कुणी म्हटलं नव्हतं, आणि ते बरोबर होतं.

काही दिवसांनी संघपालला ताप आला. पत्र्याच्या खोलीत त्यानं तो काढला. गीताबाईंना काही झालं नाही. नवाब मात्र दवाखान्यातून परत आला नाही. तो गेला त्या दिवशीही त्याच्या घरच्या फोनमधली माझी बहीण हिरवी होती, असं लुबनानं पुढे सांगितलं.

लोक विचारतात, या ॲपांचा उपयोग झाला का? मला विचाराल तर मलाच ते कोडं सुटत नाही. माणूस आणि त्याचा फोन एकाच जागी असता, प्रत्येकाच्या हातात फोन असता, तपासणी लगेच होऊन मला कळली असती, आणि लाल झालेल्याला घरी बसणं परवडलं असतं, तर मी कामाची होते. कुठंतरी कुणाला माझा इशारा वेळेवर मिळालाही असेल, पण ते मला येऊन कोण सांगणार? इथं माझ्या हातून घडलं ते एवढंच. नाक्यावर मला दाखवायला म्हणून फोन खिशातून निघाला आणि एका दोस्ताचं नाव दिसलं. याला उपयोग म्हणायचं का, हे मी आजवर स्वतःला विचारत आले आहे.

साथ ओसरली. विशाखाची कंपनी बंद पडली, मला उत्तर देणारं कुणी उरलं नाही. संघपालनं नवा फोन घेतला, पण हा जुना टाकला नाही. फडताळात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, थेंबांच्या बाटलीशेजारी तो ठेवलेला असतो. अधूनमधून चार्ज करून तो नवाबचा निरोप ऐकतो. गीताबाई थेंब घालून घेता घेता ऐकतात आणि दर वेळी म्हणतात, "गालावर गेली तर जाऊ दे म्हनला, बग."

आज लुबना आली आहे. कॉलेजात जाते आता. अब्बांचा आवाज तिला हवाय. तिच्याकडच्या फोनवरून तो कधीच पुसला गेला. संघपालनं निरोप पाठवायचा प्रयत्न केला, तर फोन म्हणतो, जागा शिल्लक नाही, काहीतरी काढा.

"चाचा, ये हरा वाला निकाल दो ना. चलता तो नहीं," लुबना म्हणाली.

संघपालचा अंगठा माझ्यावर आला आणि थांबला. फोन विचारतोय, खरंच काढून टाकायचं का?

उद्या पुन्हा साथ आली तर माझ्यासारखी दुसरी घडवाल, घडवाच. फक्त घडवणारीला एकदा त्या लाकडी कपाटासमोर आणि एकदा त्या भंगाराच्या ढिगामागे नेऊन बसवा. आणि तुम्ही घरात शिरताना माझा रंग पाहण्याआधी आठवा, आज आपण कुणाबरोबर जेवलो, आणि त्याचा फोन तर येऊन गेला नाही ना.

लुबना हात पुढे करून उभी आहे. दाब, संघपाल. एवढं एक तरी माझ्या हातून वेळेवर होऊ दे.