दाजींचे पॉइंट

आमच्या दाजींनी विमानाचा जेवढा अभ्यास केलाय, तेवढा वैमानिकानेही केला नसेल. फक्त विमानात बसायचं तेवढं राहिलं होतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. छापखान्यांच्या गल्लीत एका छापखान्याचे हिशेब बघतात. गल्लीच्या तोंडाशी माझं रबरी शिक्के बनवायचं दुकान. गल्लीत कुणालाही कागद लागो, शाई लागो, प्लेटा लागोत, ऑर्डर जायची दाजींच्या क्रेडिट कार्डावर. बाइंडरने, पाकीटवाल्याने, कॅलेंडरवाल्याने महिनाअखेरीला रोकड दाजींच्या हातावर टेकवायची, दाजींनी बँकेचं बिल भरायचं. गल्लीला चार दिवस श्वास घ्यायला मिळायचा आणि दाजींना पॉइंट मिळायचे. माणूस एक चप्पल तीन पावसाळे ओढणार, पण कार्डावरचा खर्च बघाल तर एखाद्या संस्थानिकाचा.

पॉइंटांचं शास्त्र दाजींच्या तोंडून ऐकावं. बँकेकडून मिक्सर घेतला तर पॉइंट मातीमोल. तेच विमान कंपनीच्या खात्यात वळवून तिकीट काढलं तर दामदुप्पट. कंपनी मधूनच बोनस जाहीर करते, त्या मुहूर्तावर वळवले तर चांदीच चांदी. पण वळवले की गेले, परत बँकेत यायचे नाहीत. म्हणून घाई करायची नाही, पॉइंट पिकू द्यायचे. ते पिकवत होते आणि आमच्या ताईचे केस पिकत होते.

दाजींचं स्वप्न एकच होतं. परदेशात राहणाऱ्या लेकीकडे नवराबायकोने जायचं, तेही आडवं होऊन झोपता येतं त्या खुर्चीत. त्या खुर्चीचा फोटो त्यांच्या मोबाईलवर होता. लेकीचा आत कुठेतरी असेल.

मग त्या लेकीच्या, म्हणजे माझ्या भाचीच्या, मणक्याचं निघालं. आधी नुसती पाठ दुखायची, मग डाव्या पायाची बोटं बधिर व्हायला लागली. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करा, आणि पुढच्या महिन्याची बावीस तारीख दिली. जावई भला माणूस, पण घरात दीड वर्षाचं पोर. भाची फोनवर आईला एवढंच म्हणाली की तू असलीस तर बरं होईल. ती लहानपणी इंजेक्शनलासुद्धा न रडलेली पोरगी. तेव्हापासून ताई बॅग उघडायची, दोन कपडे ठेवायची, परत काढायची.

मी दाजींना म्हटलं, आता वळवा आणि तिकीट काढा. दाजी म्हणाले, बोनस महिनाअखेरीला येतोच येतो, दरवर्षी येतो. बरं, मग रोख तिकीट काढा म्हटलं. छापखान्यात अर्धा पगार चालू होता, रोख कुठून आणणार? पण ते कारण त्यांनी सांगितलंच नाही. म्हणाले, दारात विहीर असताना पाणी विकत आणायचं का? मी आठवडाभर त्यांच्या मागे लागलो होतो. ते हसून टोलवत होते.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मला आवाज काढता येतात. गल्लीत मी कितीजणांना फोनवरून गंडवलंय याची गणती नाही. बाइंडरला नगरपालिकेचा माणूस बनून सांगितलं होतं की तुमच्या दुकानाची उंची जास्त झालीय, बिचारा टेप घेऊन शिडीवर चढला. आणि दाजी तर माझं लाडकं गिऱ्हाईक. या सगळ्याच्या महिनाभर आधीच मी बँकेचा मोठा साहेब झालो होतो. एकनिष्ठ ग्राहक म्हणून तुम्हाला कुकर मिळणार आहे, पण शिटीचा आवाज कसा हवा ते सांगा. दाजींनी ऑफिसात सगळ्यांसमोर शिटी वाजवून दाखवली. त्यानंतर त्यांनी शपथ घेतली होती की पुढच्या फोनला मेहुण्याला पाणी पाजीन.

तर एका मंगळवारी दुपारी दाजी दुकानात आले ते हसून हसून लाल झालेले. माझ्या पाठीत धपाटा घातला.

"काय मेहुणे, जिरली का?"

कशाची जिरली, मला कळेना. दाजी टेबलावर बसून रंगात येऊन सांगायला लागले. सकाळी तुझा फोन आला. या वेळी बाईचा आवाज काढलास, मानलं तुला. कार्डावर एवढा कागद कशासाठी घेता, असं विचारलंस. मी म्हटलं, बाई, अख्खी गल्ली माझ्या कार्डावर जगते. सगळ्यांचा माल मीच उचलतो, रोकड घेतो, पॉइंट माझे. तू म्हणालास, हे नियमात बसत नाही. मी म्हटलं, नियम गुंडाळून ठेवा, हिंमत असेल तर कार्ड बंद करून दाखवा. तू शेवटपर्यंत हसला नाहीस, लेका. कॉल रेकॉर्ड होतोय म्हणालास. मी म्हटलं, करा, आणि तुमच्या साहेबाला ऐकवा.

मीही आधी हसलो. सवयच आहे. मग हातातला शिक्का शाईच्या पॅडवर तसाच राहिला.

सकाळी मी कुणालाच फोन केला नव्हता. रबर तापवायचं मशीन बिघडलं होतं, सकाळभर मी त्यातच होतो.

मी दाजींना तसं सांगितलं. ते आणखी हसले. मी आईची शपथ घेतली. ते म्हणाले, मागच्या वेळीही घेतली होतीस. खरं होतं, घेतली होती. मी म्हटलं, ती बाई बँकेचीच होती, कार्ड बंद झालं की पॉइंट बुडतील, आता उठा आणि सगळे वळवा. तेव्हा मात्र दाजी हसायचे थांबले. बोट रोखून म्हणाले, "आत्ता कळलं. आठवडाभर वळवा वळवा करतोयस, ऐकलं नाही म्हणून हे नाटक. बोनसला दहा दिवस राहिलेत. मी एवढा बावळट वाटलो का?"

आणि गेले. जाताना माझा 'नामंजूर' लिहिलेला शिक्का उचलून माझ्याच मनगटावर मारून गेले.

मी दुकान ओढून घेतलं आणि ताईकडे गेलो. ती स्वयंपाकघरात डबे पुसत होती. मी सगळं सांगितलं. बाईचा आवाज, रेकॉर्डिंग, सगळं. सांगताना माझी जीभ दोनदा अडकली. ताईने फडकं खाली ठेवलं. मग दाजी यायची वाट बघत बसली.

दाजी आले, मला बघून म्हणाले, नाटक कंपनी घरीही आली का. चप्पल काढायच्या आत ताईने मोबाईल त्यांच्या हातात दिला आणि पॉइंट वळवायला सांगितलं.

"अगं, हा बनवतोय आपल्याला."

"खोटं बोलताना हा कधी अडखळत नाही," ताई म्हणाली. "आज अडखळतोय."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मी आयुष्यात पहिल्यांदा खरा चेहरा करायचा प्रयत्न करत होतो, आणि तो कसा करतात तेच आठवेना.

दाजी खुर्चीत बसले. एकदा वळवले की परत येत नाहीत, असं पुटपुटले. दहा दिवसांनी तेवढ्याच पॉइंटांत किती जास्त मिळेल ते सांगायला लागले. ताई समोर उभी.

"मला बोनस नको. मला बावीस तारखेच्या आत पोचायचंय."

त्यांनी अखेर कंपनीचं पान उघडलं. हवी ती जागा कुठेच नव्हती. दोन ठिकाणी विमान बदलायचं, एका ठिकाणी रात्रभर बाकावर बसायचं, अशी एकच साधी खुर्ची एकोणीस तारखेला मिळत होती. दाजींनी जाण्यापुरते पॉइंट वळवले. तेवढेच. मी ओरडलो, सगळे वळवा म्हणून. ताईनेही सांगितलं. पण दाजींनी मोबाईल छातीशी धरला होता, लहान मूल खेळणं धरतं तसा. येतानाचं तिकीट बोनसमध्ये काढू म्हणाले, तेव्हा तिच्यासाठी ती आडवी व्हायची खुर्ची घेऊ, लेकीचं करून दमलेली असेल. म्हणजे त्या क्षणीही माणूस तिच्या खुर्चीचाच विचार करत होता. अशा माणसाला शिव्या तरी कशा घालणार?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दाजी दुकानात आले. मोबाईल माझ्यासमोर ठेवला. बँकेने कार्ड बंद केलं होतं. खाजगी कार्डाचा धंद्यासाठी वापर, ग्राहकाने स्वतः कबूल केलंय, उरलेले पॉइंट रद्द. खाली तक्रारीचा नंबर होता. दाजी म्हणाले, तू बोल, तुला बोलता येतं. मी फोन लावला, माझ्या स्वतःच्या आवाजात बोललो, सगळा प्रकार सांगितला. पलीकडचा मुलगा नम्र होता. म्हणाला, सर, प्रत्येकजण असंच काहीतरी सांगतो.

एकोणिसला ताई गेली. बॅग भरलेली, परतीचं तिकीट नाही. विमानतळाच्या दरवाज्यापाशी दाजी तिला विमानात कान दुखले तर काय करायचं ते सांगत होते, वाचलेलं सगळं. तिने ऐकून घेतलं. नंतर काचेतून ती दिसेनाशी झाली तरी ते पाय उंचावून बघत राहिले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "पॉइंटाला अर्धाच भाव पडला बघ." मी म्हटलं, पडू दे.

बावीसला दाजी कामावर गेलेच नाहीत. माझ्या दुकानात स्टुलावर बसून होते. ताईचा फोन बंद, जावई फोन उचलत नव्हते. बाइंडर येऊन विचारून गेला, पाकीटवाला येऊन गेला. कुणी कागदाचं नाव काढलं नाही. आता ऑर्डरी कशा जाणार, हा प्रश्न गल्लीत सगळ्यांच्या तोंडावर होता आणि कुणी तोंड उघडत नव्हतं.

दुपारी दाजींचा मोबाईल वाजला. परका, लांबलचक नंबर. दाजींनी नंबर बघितला, मग मान वर करून मला बघितलं.

"तू नाहीस ना?"

"मी तुमच्यासमोर बसलोय, दाजी."

"म्हणूनच भीती वाटतेय," ते म्हणाले, आणि मोबाईल माझ्या हातात दिला.

मी उचलला. ताई होती, तिथल्या नर्सच्या फोनवरून. पोरीला नुकतंच ऑपरेशनला आत नेलं, म्हणाली. दार बंद होईपर्यंत पोरीने ताईचा हात सोडला नव्हता. किती वेळ लागेल कुणी सांगत नाही. मग तिने विचारलं की हे जेवले का.

मी दाजींना विचारलं. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं.

"जेवले," मी ताईला सांगितलं. अजिबात न अडखळता.

पलीकडून ती म्हणाली, "त्यांना काहीतरी खायला घाल. मी इथेच बसलेय."