रडतराव करंडक

त्या घरात एक करंडक होता. करंडक कसला, पोचे आलेला, कानाला मोडलेला स्टीलचा मोठा मग. पण नाव मात्र मानाचं होतं: रडतराव करंडक. घरात जो कोणी डोकं दुखतं, पाय दुखतात, दमलो असं म्हणेल त्याच्यापुढे तो मग आणून ठेवायचा, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या आणि विजेत्याने दिवसभर त्यातूनच चहा-पाणी प्यायचं, अशी रीत होती. ती सुरू केली आजोबांनी आणि पुढे हौसेने चालवली त्यांच्या मुलाने.

सहलीच्या आदल्या दिवशी सकाळी मुलगी नाश्त्याला आली ती गळ्यावर हात ठेवून.

"बाबा, गिळताना जरा..."

वाक्य पुरं व्हायच्या आत वडिलांचा हात फळीवरच्या मगाकडे गेला. "या, या, रडतराव! यंदा सहलीआधीच निकाल लागला म्हणायचा!"

आई हसली. मुलगीही हसली. "छे, काही नाही," ती म्हणाली आणि पावाचा घास चहाबरोबर खाली ढकलला. गिळताना तिचे डोळे घट्ट मिटले. ते कोणी पाहिलं नाही.

आपल्यापैकी कितीजणांच्या घरी असा मग नसेल, पण अशी सकाळ नक्कीच होत असेल.

वडील कारखान्यांतल्या बॉयलरचे तपासनीस होते. दाब दाखवणारा काटा नेहमीच्या जागेवरून केसभर जरी हलला, तरी ते भट्टी बंद करायला लावत. मालक हात चोळत, कामगार गालात हसत, पण हे ढिम्म हलत नसत. म्हणून कारखान्यांत त्यांना 'काटेसाहेब' म्हणत. "यंत्र उगाच कुरकुर करत नाही," ते सांगत. माणसं मात्र उगाच करतात, असं त्यांचं ठाम मत होतं.

याला अपवाद म्हणजे त्यांची आई. तिने आयुष्यात एकदाही करंडक मिळवला नव्हता. पोटाच्या दुखण्याने ती गेली तेव्हा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला काटेसाहेब अभिमानाने सांगत, "शेवटपर्यंत हूं नाही की चूं नाही. काय होतंय विचारलं तर एकच उत्तर. काही नाही रे, होईल कमी."

सहल ठरली होती राष्ट्रीय उद्यानातल्या सगळ्यात उंच तळावर. जिथे झाडं संपत येतात, त्याच्याही वर तंबू ठोकायची जागा होती. बरोबर काटेसाहेबांची मोठी बहीण, म्हणजे मुलीची आत्या होती. आत्याची सगळी नोकरी रुग्णवाहिकेच्या फोनवर झाली. दिवसभर कानाला यंत्र लावून लोकांची घाबरी बोलणी ऐकायची आणि गाडी कुठे धाडायची ते ठरवायचं, हे तिचं काम. नुकतीच निवृत्त झाली होती, पण समोरचा बोलत असताना मान तिरकी करून ऐकायची सवय काही सुटली नव्हती.

सपाटीवरून सकाळी निघालेली गाडी संध्याकाळी थेट वर पोचली. उद्यानाच्या चौकीशी मोठी पाटी होती: उंचीवर डोकेदुखी, मळमळ, धाप, तोल जाणे यांकडे दुर्लक्ष करू नका. त्रास वाढल्यास ताबडतोब खाली उतरा.

"हे बघा," काटेसाहेब म्हणाले, "सरकारने आपल्या करंडकाची जाहिरात केलीय."

सगळे हसले. आत्याने मात्र पाटी खालपर्यंत वाचली.

तळ विलक्षण होता. वाऱ्याने सगळी खुरटी झाडं एकाच बाजूला वळली होती, जणू मागून कोणी हाक मारली आहे आणि ती कान देऊन थांबली आहेत. तंबूंसाठी दगडी ओटे होते, अस्वलांनी वास काढत येऊ नये म्हणून खाणं ठेवायला लोखंडी पेट्या होत्या. मोसम सरत आला होता. आणखी दोनच तंबू, तेही पार पलीकडच्या टोकाला. वारा थांबला की इतकं शांत व्हायचं की स्वतःचं रक्त कानात वाजायचं.

काटेसाहेबांनी स्टोव्ह पेटवला आणि त्यांना त्यांचा आवडता विषय सापडला. "इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं. पण फसू नका! उकळतं म्हणून ते खूप तापलेलं नसतं. भात ठेवलात तर कच्चाच राहील."

"म्हणून सूप आणलंय," पत्नी म्हणाली. "अहो, पण पाचवी थाळी कुणाची?"

त्यांनी खाली पाहिलं. माणसं चार होती आणि त्यांनी पाच थाळ्या मांडल्या होत्या.

"चुकून," ते म्हणाले आणि पाचवी उचलली. तेवढ्यात तंबूच्या मागून खोकला ऐकू आला. लहानसा, तोंड दाबून काढलेला. कोणाला त्रास नको म्हणून गिळून टाकलेला. काटेसाहेबांचा हात हवेतच राहिला. कुठल्या झडपेतून वाफ गळते हे आवाजावरून सांगणारा तो माणूस. हा खोकला त्यांनी हजारांत ओळखला असता. त्यांची आई असंच खोकायची.

त्यांनी काही सांगितलं नाही. कपाळात दुपारपासून घण बसत होते, तेही सांगितलं नाही. सांगणार कुणाला? करंडकाचा तो मग त्यांनीच आठवणीने बांधून आणला होता.

दुसऱ्या दिवशी सगळे तळ्याकडे फिरायला निघाले. वाट सोपी होती, तरी काटेसाहेबांना दर वळणावर टेकावं लागत होतं. "देखावा बघतोय," ते सांगत. मागून पावलं वाजत होती. ते थांबले की पावलं थांबत. ते निघाले की निघत. एकदा त्यांनी झटकन वळून पाहिलं. वाट रिकामी होती. धुकं खालून वर चढत होतं आणि त्यात काहीतरी राखाडी, माणसाएवढं, क्षणभर दिसून विरलं.

"मुलगी कुठाय?" आत्याने विचारलं.

"येतेय मागून. तिला एकटीला चालायचंय म्हणे," पत्नी म्हणाली. "या वयात असंच असतं."

आत्याने मान तिरकी केली. "ही? गाडीत जागा मिळाली नाही तर माझ्या मांडीवर बसेल, पण एकटी बसणार नाही, ही?"

काटेसाहेब पुन्हा एका दगडावर टेकले. तळ्यापर्यंत न जाता सगळे परतले.

दुपारी धुक्याने तळ गिळून टाकला. पलीकडचे तंबू दिसेनात. पत्नी आणि आत्या तंबूत पडल्या होत्या. काटेसाहेब पाणी आणायला म्हणून बाहेर आले आणि जागच्या जागी खिळले.

लोखंडी पेटीशेजारच्या दगडावर त्यांची आई बसली होती.

पाठमोरी. तोच कोपरांवर विरलेला राखाडी स्वेटर. खांदे पुढे ओढलेले, एक हात छातीवर. श्वास घेताना सगळी पाठ वरखाली होत होती. ती गेल्याला कितीतरी वर्षं झाली होती. आपण तिला स्वतः पोचवून आलो, हे काटेसाहेबांना ठाऊक होतं. भुताखेतांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. तरी तिच्या हयातीत जे त्यांनी कधी मनापासून विचारलं नव्हतं, ते तोंडातून आपोआप बाहेर पडलं.

"काय होतंय गं तुला?"

ती वळली नाही. तोंड दाबून खोकली.

"काही नाही," ती म्हणाली. "होईल कमी."

तोच सूर! तेच शब्द! काटेसाहेबांनी दोन ढांगांत दगड गाठला आणि तिचा खांदा धरून तिला वळवलं.

ती त्यांची मुलगी होती.

थंडी वाजते म्हणून तिने आजीचा जुना स्वेटर अंगात घातला होता. ओठ निळसर पडले होते. "बाबा," ती म्हणाली, आणि पुढचा शब्द यायला तिला दोनदा श्वास घ्यावा लागला, "मग करंडक मलाच ना?" आणि ती हसली.

"ताई!" काटेसाहेब ओरडले. "ताई, लवकर ये!"

आत्या आली. तिने प्रश्न विचारले, फोनवर विचारायची तसे, शांत आणि एकामागून एक. खोकला कधीपासून? बसल्या जागी धाप लागते का? काल रात्री आडवं पडता आलं का? मुलगी आधी घरच्या रीतीप्रमाणे 'नाही', 'थोडंसं' म्हणत राहिली. मग एकदम रडली. काल आल्यापासून खोकला होता. कोणाला कळू नये म्हणून ती तंबूच्या मागे जाऊन खोकत होती. रात्र तिने बसून काढली होती.

"आत्ताच्या आत्ता खाली," आत्या म्हणाली.

"एवढ्या धुक्यात?" काटेसाहेबांचं डोकं गरगरत होतं. "थोडं झोपू दे. सकाळी बघू. एका झोपेत उतार पडेल."

आत्या त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "कारखान्यात काटा थरथरला तर सकाळची वाट बघतोस?"

"यंत्राची गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी? काल तासभर सांगत होतास, हवेचा दाब कमी झाला की पाणीसुद्धा वेगळं वागतं. दाब पाण्याला कळतो आणि पोरीला कळत नाही होय रे?" तिचा आवाज चढला नाही, पण कापायला लागला. "इतकी वर्षं फोन घेतले मी. ओरडणाऱ्याची भीती मला कधी वाटली नाही. ओरडणारा माणूस सापडतो. भीती वाटायची ती 'तसं काही विशेष नाही हो' म्हणणाऱ्याची. त्यांच्याकडे गाडी पोचायला नेहमी उशीर व्हायचा. आणि आईचं तू अभिमानाने सांगत फिरतोस ना, हूं नाही की चूं नाही? ती सांगत होती. जेवताना पोटाचं सांगायला लागली, तर बोलणं पुरं व्हायच्या आधीच टाळ्या वाजल्या. तीही हसली. त्यानंतर फक्त मला सांगायची, स्वयंपाकघरात, दार लोटून. तिला सोसायची हौस नव्हती रे! आपण तिला जागाच ठेवली नव्हती."

काटेसाहेबांना पुन्हा तो खोकला ऐकू आला. या वेळी तो समोरून येत होता आणि त्यांची मुलगी त्याने वाकली होती.

काय हा आपला घरंदाजपणा! बापाने हसत हसत एक मग दिला, मुलाने तो पुढे चालवला आणि त्या मगाखाली एक बाई गुपचूप मेली. आता तिचाच स्वेटर घालून, तिचेच शब्द बोलत नात तिच्या वाटेने निघाली होती!

"चला," ते म्हणाले. "तंबू-बिंबू राहू दे इथेच." गाडीची किल्ली खिशातून काढली आणि ते थबकले. मग आयुष्यात प्रथमच त्यांनी ते वाक्य उच्चारलं. "मला बरं वाटत नाहीये. काल दुपारपासून डोकं फुटतंय. आणि... मला आई दिसतेय. आवाज येतात. मी गाडी चालवली तर आपण सगळे दरीत जाऊ."

कोणी हसलं नाही. पत्नीने किल्ली घेतली. तिला घाटात गाडी चालवताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं, कारण त्यांनी ती कधी चालवू दिली नव्हती. धुक्यात पांढरी पट्टी धरून, हळूहळू, एकही चूक न करता तिने गाडी खाली आणली. झाडं उंच होत गेली, धुकं वर राहिलं. मागच्या सीटवर आत्या पुतणीला टेकून बसवून तिच्याशी बोलत राहिली, आणि घाट संपता संपता मुलीचं उत्तर एका श्वासात येऊ लागलं.

पायथ्याच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरबाईंनी छाती तपासली, लगेच प्राणवायू लावला. "फुप्फुसांत पाणी झालंय. एका दिवसात एवढी उंची गाठली की होतं असं. घसा वगैरे आधीच धरला होता का?"

"हो," काटेसाहेब म्हणाले. "तिने सांगायला सुरुवात केली होती. आम्ही पुरं होऊ दिलं नाही."

"आणखी उशीर केला असतात तर अवघड होतं. आता धोका टळेल." मग त्यांनी काटेसाहेबांनाही तपासलं. माणसं दिसणं, आवाज येणं, प्राणवायू कमी पडला की मेंदू असले खेळ करतो, असं समजावलं. काटेसाहेबांना ते शास्त्र पटलं. मागची पावलं, पाचवी थाळी, सगळ्याचा उलगडा झाला. तरी एक प्रश्न त्यांना आतून कुरतडत राहिला. मेंदूला इतक्या माणसांतून तीच का आठवली?

मुलगी शांत झोपल्यावर ते बाहेरच्या बाकावर पत्नीशेजारी येऊन बसले. गाडी चालवून तिचे खांदे आखडले होते. ती एक हात दुसऱ्या हाताने दाबत होती. ही तिची नेहमीचीच सवय, असं ते इतकी वर्षं समजत आले होते.

"हात दुखतोय का गं?" त्यांनी विचारलं.

"छे, काही नाही," ती सवयीने म्हणाली.

ते उठले नाहीत. मान तिरकी करून थांबून राहिले.

मग तिने हात दाबणं थांबवलं. "म्हणजे... आहे," ती म्हणाली. "खूप दिवसांपासून आहे." आणि ती सांगू लागली. काटेसाहेबांनी ते शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं.

बंधुभगिनींनो, भूत पाहायला कोणाला डोंगरावर जायला नको. सोसणाऱ्याचं कौतुक आणि सांगणाऱ्याची थट्टा जिथे होते, त्या प्रत्येक घरात, प्रत्येक कचेरीत ते पाठमोरं बसलेलं असतं आणि 'काही नाही' म्हणत असतं. त्याला मंत्र लागत नाही, गंडा लागत नाही. समोर बसा, पुन्हा एकदा विचारा, आणि उत्तर येईपर्यंत हसू नका!