पाच घरचं

"पदर पुढं कर वं वच्छले. खाली नको टेकू देऊ, मागून आनलेलं हाय," केशरबाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या.

वच्छला बाजेवर उठून बसली. बाजेखाली शेगडी धुमसत होती. ओव्याची धुरी खोलीत कोंडली होती. तिने बाळाला कुशीतून अलगद बाजूला सारलं आणि पदर पसरला. सासूने ओच्यातून एकेक काढून त्यात टाकायला सुरुवात केली.

"हे भागिरथाच्या घरचं. हे जमनाबाईनं देल्लं. हे गोपीचंद दुकानदाराच्या सुनेनं. हे कमलीबाईचं. आन हे फाट्यावरच्या अमरसिंगाच्या घरचं. झाले पाच घर. पायात चप्पल नाई घातली, कोनाकडं पानी नाई पेली. दारात उभी राहून म्हनलं, आमचा उकंडा आला हाय माय, तुमच्या घरच्या जगल्या-वाचल्या लेकराचं आंगडं द्या. पाचही घरी म्हनल्या, थांबा आजी, चांगलंच देतो."

वच्छलाने टोपरं हातात घेतलं. कानाजवळ तिचं बोट थांबलं. तिथे एक बारीक भोक होतं, मुद्दाम टाका सोडून ठेवलेलं. दृष्ट लागली तर तिथून निघून जावी म्हणून.

ते भोक कोण ठेवतं, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

तिने झबलं चाचपलं, पायमोजे उलटे करून पाहिले, स्वेटरच्या बगलेत बोट घातलं, दुसरं टोपरं उजेडाकडे धरलं. प्रत्येकात तो सुटलेला टाका होता. पाच घरांतून मागून आणलेलं सगळं तिच्याच हातचं होतं.

"कसं हाय वं?" केशरबाईंनी विचारलं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. माणूस त्यांना सावलीसारखं दिसे, वस्तू तेवढीही दिसत नसे.

"चांगलं हाय, आत्याबाई."

"गरम हाय?"

"गरम हाय."

"मंग देवाचं नाव घे आन घाल त्याले."

मेडशीत महिला मंडळ निघालं त्या वर्षी एक ग्रामसेविका बाई विणकाम शिकवायला येत. पहिल्या आठवड्यात ओटा भरून बायका बसायच्या, महिन्याभरात वच्छला एकटी उरली. सुया विकत घ्याव्यात असे दिवस नव्हते. घरोघर रेशनवर मिळणाऱ्या मिलोच्या लाल ज्वारीच्या भाकरी होत होत्या. पुंजाजीचं फाट्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने चाकाच्या जुन्या तारा काढल्या, टोकं कानशीने घासून गोल केली आणि बायकोसमोर ठेवल्या. "घे. पंक्चर झाल्या तं सांगजो," एवढंच तो म्हणाला होता.

तेव्हापासून ओळखीत कुणाच्या घरी पाळणा हलला की वच्छलाच्या सुया चालू व्हायच्या. अंघोळ करून तुळशीला पाणी घालावं, देवापुढे दिवा लावावा, आणि तोंडात घास घालायच्या आधी विणायला बसावं, हा तिचा नेम. एक टाका, एक नाम. बारशाला जाताना तिच्या पदराखाली टोपरं, झबलं नाहीतर पायमोज्यांचा जोड असे. आणि देवाची करणी अशी, की तिच्या हातचं घातलेली लेकरं धडधाकट राहिली. गोवर आला तसा गेला, खोकला आला तसा गेला. बायका म्हणू लागल्या, वच्छलाच्या हातचं हाय, लाभते. थोरल्याचं धाकट्याला, धाकट्याचं शेंडेफळाला, असं एकेक आंगडं घराघरांत उतरत गेलं.

तिचं स्वतःचं मात्र उलटं झालं. पहिलटकरीण असताना हौसेने तिने आधीच पोपटी रंगाचं सगळं विणून ठेवलं होतं. ती मुलगी बारसंही पाहू शकली नाही. दुसरा मुलगा दात येण्याच्या सुमारास गेला, तिच्या हातचं स्वेटर अंगात असतानाच. तिसरा तर रडलाच नाही. तेव्हा केशरबाई एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या होत्या, "तुह्या हाताले लोकाचं लेकरू मानवते, पोरी. तुहं नाई मानवत. पुढच्याच्या आंगाले तुह्या हातचं काई लागू देऊ नको. पाच घरचं मागून घालू." त्या रागाने बोलल्या नव्हत्या. कालवणात मीठ किती घालायचं ते सांगावं, तशा बोलल्या होत्या. आणि वच्छलाला ते पटलं होतं. देव एका हाताने देतो आणि दुसऱ्या हाताने राखून ठेवतो. आपल्याला त्यातलं काय कळतं?

म्हणून या खेपेला पोट दिसू लागल्यापासून तिने सुयांना हात लावला नव्हता. त्या आढ्यात खोचलेल्या होत्या. मुलगा झाला तेव्हा देवाने हिरावू नये म्हणून त्याचं नाव उकंडा ठेवायचं ठरलं. उकिरड्यावरचं पोर कोण उचलून नेतं?

आता तिने तिच्याच हातचं झबलं त्याच्या अंगात घातलं. तिने बंद बांधले. सांगावं का? पण मागणं एकदाच असतं, दुसऱ्यांदा दारात उभं राहता येत नाही. आणि सासू या पौषातल्या गारठ्यात, अर्ध्या डोळ्यांनी, अनवाणी पाच घरं फिरून आली होती. तिच्या टाचेला काटा लागला होता. ती तो चुलीपाशी बसून चाचपत होती.

दुसऱ्या दिवशी भागिरथा आली. ती वच्छलाची जीवाभावाची मैत्रीण, दोन घरं सोडून राहायची.

"काय वं, उकंड्याची माय! दाखव तुहा नवरदेव. बाप्पा, नाक तं पुरं पुंजाजीभाऊचं हाय. चालाले लागला का बसवा त्याले हवा भराले." मग तिचं लक्ष पायमोज्यांकडे गेलं. "आन हे? वयखले का नाई? माह्या तिघाईनं घातले. आजी दारात आली, म्हनलं घरात याच्याहून लाभाचं दुसरं काय हाय? तुह्या हातचंच तुले…"

"हयू बोल," वच्छला म्हणाली. केशरबाई अंगणात तूर पाखडत होत्या. सुपाचा आवाज चालू होता, तेवढ्यात वच्छलाने दबक्या आवाजात सगळं सांगितलं. भागिरथाचा हात तोंडावर गेला.

"मले काय मालूम वं! आजी एवढंच म्हने, जगल्या लेकराचं द्या."

"तुही काय चूक त्याच्यात."

"आन बाकीच्या चार घरचं?"

"समदं माहंच."

भागिरथाने पायमोज्यांकडे परत पाहिलं. "बाप्पा! समद्या गावानं एकच अक्कल लढवली," ती म्हणाली. तिला हसू फुटलं, ते अर्ध्यातच थांबलं, आणि तिने डोळ्यांना पदर लावला.

"रडू नको. मले एक दे," वच्छला म्हणाली. "तुह्या पोरायच्या आंगातलं एखांदं फाटकं झबलं. चिंधी असली तरी चालते. एका घरचं तरी खरं होईन."

"फाटकं कुठचं ठेवतो मी? तुह्या हातचं तेवढं जपलं, बाकीचं समदं फाडून अंथरायच्या वाकयीत शिवलं." भागिरथा विचारात पडली. "थांब. त्या वाकयीत माह्या पुंडलिकाच्या झबल्याचा तुकडा हाय, लाल ठिपक्याचा. पन माही सासू झोपते तिच्यावर. हात लावू देत नाई, बुडाखालून काढू का? शनिवारी म्हातारी रिसोडले जाते पोरीकडं. ते गेली का टाके उसवतो आन आनतो. शनिवारपावतर दम धर."

"धरतो," वच्छला म्हणाली.

तिने दम धरला, तो असा. केशरबाई दिवसा नातवाला मांडीवर घेत, टोपऱ्यापासून पायमोज्यांपर्यंत हाताने चाचपत आणि समाधानाने डोलत. तेव्हा तो लोकरीत असे. त्या निजल्या की वच्छला हळूच बंद सोडी. टोपरं काढी, झबलं काढी, मोजे काढी, उशाखाली घाली. पुंजाजीच्या जुन्या धोतराचा तुकडा त्याच्याभोवती गुंडाळी आणि त्याला पोटाशी धरून पडून राही. अंगावरचं पाजताना कधी तिच्या मनात येई, दूध आपलं चालतं, कूस आपली चालते, मग विणलेलंच का चालू नये? पण असा विचार करणंही तिला पाप वाटे. ती नाम घेऊ लागे. शेगडी उजाडायच्या आत विझून जाई. त्या वर्षी तुरीच्या शेंगा गारठ्याने काळ्या पडल्या होत्या.

एका पहाटे पुंजाजी पाणी प्यायला उठला. त्याने चिमणीच्या उजेडात उघडं लेकरू पाहिलं, उशाखालून डोकावणारी लोकर पाहिली. ती लोकर अकोल्याहून त्यानेच आणून दिलेली होती. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली, काही बोलू नका अशी. त्याने आपल्या अंगावरची घोंगडी काढून दोघांवर टाकली आणि तो उकिडवा बसून राहिला.

शुक्रवारी लेकरू अंगावर पिईना. नाकपुड्या फुलत होत्या, बरगड्यांखाली खळगा पडत होता. केशरबाईंनी छातीवर तळवा ठेवून पाहिला. "छातीत डबा आला हाय याले. पुंजा, दुकान बंद कर."

एसटीने ते वाशीमला गेले. वच्छलाने निघताना सगळं लोकरीचं त्याच्या अंगात घातलं होतं. डॉक्टरांनी नळी लावून छाती ऐकली. मग त्यांनी चष्म्यावरून तिघांकडे पाहिलं.

"थंडी छातीत बसली आहे. एवढ्या गारठ्यात लेकराच्या अंगात गरम काही घालता की नाही?"

"घालतो तं, सायेब!" केशरबाई पुढे झाल्या. "पाच घरचं लोकरीचं हाय. मी सोता मागून आनलं. एक घडी काढू देल्लं नाई. हात लावून पाहा ना तुमी."

डॉक्टरांनी टोपऱ्याला हात लावला. "हं. चांगलं उबदार आहे," ते म्हणाले.

वच्छला फरशीकडे पाहत उभी होती.

सुई टोचली, औषध दिलं. रात्रीच्या गाडीने ते घरी परतले. पण ते लेकरू शनिवारची उन्हं अंगणात उतरायच्या आत गेलं.

भागिरथा सकाळची आली ती मुठीत काहीतरी घेऊन, जवळजवळ धावतच. अंगणात खाली बसलेली माणसं तिला दिसली. तिने मूठ पदराखाली घेतली. पदराच्या कडेने लाल ठिपक्यांचं एक टोक तेवढं बाहेर राहिलं होतं. ती आत आली आणि वच्छलाजवळ बसली.

लेकराला न्यायच्या वेळी एक म्हातारी म्हणाली, त्याच्या अंगावरचं उतरवा, मागून आणलेलं मातीत घालू नये. केशरबाईंनी ते एकेक उतरवलं. बंद त्यांना सापडत नव्हते. वच्छलाने ते सोडून दिले.

दहा दिवस माणसं भेटायला येत होती. येणाऱ्या प्रत्येकीला केशरबाई तेच सांगत. "आमी काई कमी नाई ठेवलं, बाई. पाच घरचं मागून घातलं. एक घडी काढलं नाई. सुनेनं माह्या शब्दाबाहेर पाऊल नाई टाकलं. देवाच्याच मनात नवतं." एवढं बोलून झालं की त्यांची लटपटणारी मान थोडी स्थिर होई. मग त्या पाणी मागत, पीत आणि भिंतीला टेकत.

वच्छला आतून ऐके. ती एक वाक्य बोलली असती तर म्हाताऱ्या बाईचा तेवढा आधारही गेला असता. ती बोलली नाही. पुंजाजीनेही तो विषय काढला नाही. तो रोज दुकान उघडे, आणि कुणी घरची विचारपूस केली की सायकल उलटी करून चाक फिरवत बसे.

सुतक फिटल्यावर वच्छलाने नेमाप्रमाणे तुळशीला पाणी घातलं, सांजेला दिवा लावला. हात सवयीने जोडले गेले. मागायचं काही आठवेना. तिने नुसतंच दिव्याकडे पाहिलं. वात पुढे सारावी लागली, ती तिने सारली.

फाल्गुन लागला, ऊन तापू लागलं, तेव्हा तिने पेटीतून ती आंगडी काढली. ती परत कोणत्या दारात नेणार? गेलेल्या लेकराच्या अंगावरचं कोण घेणार? आणि ठेवायची तरी कुणासाठी? ती अंगणात बसली, झबल्याच्या काठाची गाठ तिने दाताने सोडली आणि धागा ओढला. ओळीमागून ओळ सुटू लागली. विणताना टाक्याला एक नाम असे. उसवताना तिच्या तोंडात काहीच आलं नाही.

केशरबाई ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी कान दिला. "काय करून राह्यली वं?"

"लोकर उसवून राह्यली, आत्याबाई."

"कोनाची?"

धागा वच्छलाच्या बोटात थांबला. केशरबाईंचे पांढुरके डोळे तिच्या दिशेने, पण तिच्या थोडे बाजूला पाहत होते.

"मागून आनलेली," वच्छला म्हणाली.

"बरं. जपून उसव. लोकायची हाय."

"हव."

दुपारपर्यंत सगळं उसवून झालं. पोपटी, पिवळी, जांभळी लोकर तिने पाण्यात बुडवली, लडी करून दोरीवर टाकली आणि सरळ व्हावी म्हणून खाली पाण्याने भरलेला तांब्या बांधला. ऊन कलेपर्यंत ती टांगलेली होती. सांजेच्या दिव्याआधी वच्छलाने तांब्या सोडला. लोकर वाळली होती. ओझं निघताच ती आखडून वर गेली, आणि एकेका टाक्याची वळी जिथल्या तिथे परत आली.