पाठ बघून पसंत केलेला

मित्रांनो, मी जिन्यावरचा गालिचा आहे. वयानं म्हातारा, रंगानं भडक आणि अंगाला अकरा ठिकाणी घडी. बैठकीतले गालिचे बघा, जन्मभर हातपाय ताणून लोळत असतात. आम्हा जिन्यावरच्यांना ते सुख नाही. आम्ही अर्धे उभे, अर्धे आडवे. पण मी मजेत आहे, आणि का मजेत आहे तेच सांगायला बसलोय. म्हणजे, अर्धा बसलोय.

माझा जन्म यॉर्कशरमधल्या एका गिरणीगावातला. समुद्रकाठच्या एका हॉटेलाला नाचाच्या दालनासाठी गालिचे हवे होते. “लोकांच्या लक्षात राहील असं काहीतरी काढा,” असं मालक म्हणाला आणि नक्षी काढणाऱ्यानं ते फारच मनावर घेतलं. डाळिंबी रंगाची जमीन, तिच्यावर सोनेरी अननस, अननसांवर बसलेले हिरवे पोपट, आणि दर वीस इंचांवर या काठापासून त्या काठापर्यंत चार बोटं रुंद नारिंगी पट्टा. मालकाची बायको माल बघायला आली, तिनं खुर्ची मागितली, मग पाणी मागितलं, आणि मग लाकडी फरशी करायचं ठरवून ती निघून गेली.

माझे भाऊबंद कुठेकुठे खपले. मी तेवढा गिरणीच्या दुकानात कोपऱ्यात उभा राहिलो, गुंडाळलेला, नऊ वर्षं. गालिचा गुंडाळताना तोंड आत आणि पाठ बाहेर ठेवतात. त्यामुळे माझं खरं रूप सगळे विसरून गेले, आणि दुकानातल्या बाईंना त्याचं मुळीच वाईट वाटत नव्हतं.

अशात एक दिवस हेडली सगडन दुकानात शिरला.

हा हेडली म्हणजे आमच्याच गिरणीतला विणकर. एक्केचाळीस वर्षं मागावर काढून नुकताच निवृत्त झालेला. शेकडो घरांच्या जिन्यांवर त्याच्या हातचे गालिचे होते, पण त्याच्या स्वतःच्या जिन्यावर लिनोलियमचं गुळगुळीत तपकिरी आच्छादन. “दिवसभर गालिचाच बघतो, घरी तरी नको,” असं त्याचं म्हणणं. त्याची बायको एडना हे चाळीस वर्षं ऐकून घेत आली होती. पण मार्चमध्ये ती सकाळच्या चहाचा ट्रे घेऊन खाली येताना शेवटच्या तीन पायऱ्यांवरून पडली. पाय मुरगळला. हेडली धावत आला आणि पहिल्यांदा म्हणाला, “किटली वाचली गं!” त्यानंतर दोन दिवस त्याला गरम जेवण मिळालं नाही.

मुलगी बेरिल समुद्रकाठच्या ब्रिडलिंग्टनहून तडक आली. तिच्या गल्लीत एक बैठं घर रिकामं होतं.

“तिथं जिनाच नाही, बाबा. पडायचं म्हटलं तरी पडता येणार नाही.”

“मला पडायचं असेल तर मी माझ्या घरात पडेन,” हेडली म्हणाला.

“पण पडते आहे आई!”

हेडलीला हे घर सोडवत नव्हतं. या घरात त्याची पोर जन्मली होती, मागच्या अंगणात त्याचे कांद्याच्या जातीचे लीक वाढत होते, आणि ब्रिडलिंग्टनला त्याच्या मते फक्त वारा होता. शेवटी एडनानंच निकाल दिला. “मेअखेरीस, व्हिटसनच्या सणाच्या रविवारी बेरिल चहाला येईल. तोवर जिना धड झाला तर इथे राहू. नाहीतर मी तिला हो म्हणणार. आणि झोपायच्या खोलीचा गालिचा मी निवडणार, जिन्याचा तू. दोघांनी मिळून निवडायला गेलो तर नाताळ उजाडेल.”

एडनानं झोपायच्या खोलीसाठी सहा नमुने घरी आणले. एकेकावर चहा सांडून बघितला, अनवाणी चालून बघितलं, उजेडात धरले, पलंगाखाली सारले. तीन आठवड्यांनी तिनं ओटच्या लापशीच्या रंगाचा निवडला.

“याला रंग म्हणतात?” हेडली म्हणाला. “हा तर सकाळचा नाश्ता.”

आणि हेडलीनं मला निवडायला किती वेळ घेतला? चार मिनिटं. त्यानं माझ्या पाठीवरून अंगठा फिरवला, खिशातून भिंग काढून एका इंचात किती टाके आहेत ते मोजलं, एक दोरा उपटायचा प्रयत्न केला आणि तो न निघाल्यावर त्याचे डोळे पाणावले.

“उलगडून दाखवू?” दुकानातल्या बाईंनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

“तोंड गिऱ्हाईक बघतं, बाई. विणकर पाठ बघतो.”

बाईंनी मला इतक्या चटकन दोरीनं बांधलं, की माझा निरोपही नीट झाला नाही.

घरी दारातच मला उलगडलं. हेडली, एडना आणि उघडं दार बघून आत आलेल्या शेजारच्या मिसेस क्रॅबट्री, असे तिघं समोर उभे. नऊ वर्षांनी उजेड बघून मला फार बरं वाटलं. त्यांना तसं काही वाटलेलं दिसलं नाही.

 मग मिसेस क्रॅबट्री म्हणाल्या, “सर्कशीचे हत्ती मागून येणार आहेत का?”

“पाठ बघा ना याची,” हेडली क्षीण आवाजात म्हणाला. “असली पाठ आता कुणी विणत नाही.”

“मग पाठच वर करून घाल,” एडना म्हणाली.

गिरणीचं दुकान विकलेला माल परत घेत नसे. हेडलीनं निमूटपणे हातोडी घेतली, गालिचा पायरीच्या कोनात दाबून धरणारे पितळी दांडे घेतले आणि दोन दिवसांत मला वरपासून खालपर्यंत बसवलं. आणि मग, मित्रांनो, माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट घडली. तशी छोटीच होती.

एडना वरून खाली येत होती. हेडली खाली उभा राहून दांडे पुसत होता. घर शंभरेक वर्षांचं, कुठलीच पायरी दुसरीसारखी नाही, त्यामुळे माझे नारिंगी पट्टे कुठेही पडले होते. कुठे पायरीच्या मधोमध, कुठे उभ्या फळीवर, आणि चौथ्या, आठव्या आणि अकराव्या पायरीला बरोबर कडेवर. एडना प्रत्येक पायरीला आधी पायाच्या बोटांनी कड चाचपत होती. चौथ्या, आठव्या आणि अकराव्या पायरीला मात्र तिनं पाऊल सरळ टाकलं.

ज्या माणसानं एक्केचाळीस वर्षं लाखो टाक्यांतला एक चुकलेला टाका शोधला, त्याच्या नजरेतून हे सुटतंय होय?

“एडना, परत वर जा.”

“का रे?”

“जा तर. आणि परत खाली ये.”

ती गेली आणि आली. पुन्हा तेच. हेडलीनं हातातलं फडकं खाली ठेवलं. “तुला पायऱ्या दिसत नाहीत,” तो म्हणाला.

एडना पाचव्या पायरीवर, म्हणजे एका पोपटावर, बसली. “दिसतात. एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. नाताळाच्या आधीपासून.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर बेरिलनं त्याच दिवशी सामानाची गाडी आणली असती. आणि तुझे लीक कुणी उपटले असते?”

हेडली तिच्या शेजारी बसायला गेला. मी पाऊण यार्ड रुंद, त्यामुळे तो अर्धा लाकडावरच बसला. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा हातोडी उचलली.

त्यानं मला अख्खं उपटलं आणि नव्यानं बसवायला घेतलं. या वेळी प्रत्येक नारिंगी पट्टा पायरीच्या कडेवर. माझे पट्टे वीस इंचांवर, पायऱ्या मात्र सोळा, अठरा, साडेसतरा, जशा जमतील तशा. उरलेलं अंग त्यानं प्रत्येक दांड्यामागे चिमटून दुमडलं. हेडली खालून वर चढत गेला, शीळ घालत. अकरावी पायरी झाली, आणि मी संपलो. वरच्या दोन पायऱ्या उघड्या!

व्हिटसन चार दिवसांवर. माझ्यासारखा दुसरा आता कुठे मिळणार नाही, हे तर कुणीही सांगितलं असतं.

तेवढ्यात झोपायच्या खोलीतून एडनाचा आवाज आला. तिनं ती खोली स्वतः सपातांच्या पावलांनी मोजली होती, सगळ्यात लांब भिंतीजवळून. पण जुन्या घरातल्या समोरासमोरच्या भिंती एका मापाच्या नसतात. लापशी दुसऱ्या टोकाला भिंतीवर हातभर चढली होती.

“काप ती,” एडना म्हणाली, “आणि हसू नकोस. तू अननस आणलेस.”

तर वरच्या दोन पायऱ्यांवर लापशी बसली. पण तिच्यावर एडनाला कड कशी दिसणार? हेडलीनं माझ्या खालच्या टोकाचा, पायरीआड दुमडलेला एक पट्टा कापला, त्याचे दोन केले आणि जाड सुईनं लापशीच्या कडेवर शिवले. कापताना मला थोडं लागलं. पण त्या दोन पट्ट्यांचा मला अजून अभिमान आहे.

रविवारी बेरिल आली. दार उघडलं आणि ती मागे सरली.

“बाबा, हे काय आहे?”

“एकदम बघू नकोस. कडेकडेनं बघत ये.”

चहाला डबाबंद सामन माशाचे सँडविच होते, हॅम होतं, आणि केक-कस्टर्डच्या थरांचं गोड ट्रायफल वरच्या खोलीच्या खिडकीत थंड व्हायला ठेवलं होतं. एडना म्हणाली, “आणते मी.” बेरिल उठली, “आई, थांब, मी हात धरते,” पण एडना वर पोचलीसुद्धा होती. मग ती काचेचा मोठा वाडगा दोन्ही हातांनी धरून खाली यायला लागली. एक नारिंगी, दुसरा नारिंगी, तिसरा. हेडली ओठांतल्या ओठांत पट्टे मोजत होता. एडना मात्र मिसेस क्रॅबट्रींच्या सुनेबद्दल बोलत बोलत उतरली, शेवटच्या पायरीवर थांबली आणि म्हणाली, “चमचे कुठे ठेवलेस रे?”

मग ट्रायफल वाढता वाढता तिनं बेरिलला डोळ्यांचं सगळं सांगितलं. डॉक्टरांची वेळ घेतली आहे, तेही सांगितलं. बेरिल आधी रडली, मग चिडली, मग तोंड धुवायला वर गेली.

बराच वेळ झाला तरी ती परत येईना. मग जिन्यातून हाक आली.

“आई! हे पोपट हलताहेत!”

बेरिल सातव्या पायरीवर कठड्याला मिठी मारून, डोळे गच्च मिटून बसली होती. एडना वर गेली आणि लेकीचा हात धरून, एकेक पायरी सांगत, तिला खाली घेऊन आली.  हसू दाबायला हेडलीला दोन चमचे ट्रायफल एकदम तोंडात घालावं लागलं. त्या दिवसापासून बैठ्या घराचं नाव बेरिलनं काढलेलं नाही.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. आमच्या गावाची पद्धत अशी, की जिन्यावरचा गालिचा दर वसंतात दोनचार इंच वरखाली सरकवायचा, म्हणजे झीज एकाच जागी होत नाही. हेडली हे साऱ्या गल्लीला दटावून सांगतो आणि लोकांच्या घरी जाऊन सरकवूनही देतो. मला मात्र त्यानं एकदाही सरकवलेलं नाही. डॉक्टरांनी जमेल तेवढं केलं, पण एडनाची नजर पुरती सुधारली नाही; मला सरकवलं, तर तिची पायरी हरवेल. त्यामुळे मी नेमका कडेवर झिजतो. आणि दर वसंतात तो चष्मा लावून जिन्यावर बसतो आणि नारिंगी लोकरीनं माझे तेरा पट्टे एकेक टाका घालून पुन्हा भरतो. एडना खालून ओरडते, “जेवायचंय का तिथेच मुक्काम?”

मित्रांनो, गालिचे जपा असं सगळे गालिचे सांगतात. मी तसं सांगणार नाही. आम्हाला तुडवा, आम्ही त्यासाठीच आहोत. आठवड्यातून एकदा झाडलंत तरी खूप झालं. जपायचं ते आमच्यावरून चालणाऱ्याला. घरातलं कुणी वयस्कर माणूस जिना उतरताना थबकलं, तर वरून ‘सावकाश, सावकाश’ असं ओरडू नका. त्याच्या शेजारी पायरीवर बसा आणि विचारा, “दिसतंय ना?” उत्तर लगेच येणार नाही. बसून राहा.